आमच्या सहायकबाई

आमच्या सहायकबाई समोरच्याचं बोलणं डोळे मिटून ऐकत. तपासणीला आलेले साहेब असोत की शाळेच्या फाटकाशी बसणारी भाजीवाली राजम्मा, वाक्य संपेपर्यंत बाईंचे डोळे उघडत नसत. नव्या माणसाला वाटे, यांना डुलकी लागली. मी एकदा विचारलंच. तेव्हा म्हणाल्या, "अगं, आपल्या भाषेत माणूस मनातलं शेवटी बोलतो. आधी घर, शेत, पोरंबाळं सगळं येऊन जातं, मग क्रियापद येतं. आणि त्याच्याही मागे एक छोटंसं दुसरं क्रियापद येतं ना, खरी गोम त्यात असते."

त्या दुसऱ्या क्रियापदाला व्याकरणात सहायक म्हणतात. वर्गात एखादी मुलगी 'खाल्लं' म्हणाली की बाई विचारत, "नुसतं खाल्लंस? सहायक कुठाय?" मग स्वतःच सांगत, "'खाऊन घेतलं' म्हणते तिला कामाची घाई आहे. 'खाऊन टाकलं' म्हणते तिनं मागच्यांसाठी काही ठेवलेलं नाही. आणि 'खाऊन बसले' म्हणते, तिचा त्या दिवशी उपास होता." मुली खो खो हसत. त्यांनीच हे नाव ठेवलं आणि पुढे गावानंही ते उचललं.

एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. मी मूल गावची, नुकतीच अहेरीच्या मुलींच्या शाळेत लागलेली. बाई साताऱ्याकडच्या. चांद्याच्या जंगलात कोणी मागून बदली घेत नसे, यांनी घेतली होती. आम्ही दोघी शाळेमागच्या एकाच घरात राहत होतो. चूल एक, कंदील एक.

आमची झाडीबोली त्यांना सुरुवातीला चकवून गेली. आल्याआल्या एक मुलगी वर्गात उशिरा आली आणि म्हणाली, "बाई, आमचा बुढा मरून राह्यला." बाईंना वाटलं, सगळं आटोपलं. शाळा सुटल्यावर गंभीर चेहऱ्यानं त्या मुलीच्या घरी गेल्या, तर बुढा खाटेवर बसून आंबील पीत होता. "कोन आल्ली व?" त्यानं सुनेला विचारलं. बाई तशाच परत आल्या. आमच्याकडे 'मरून राह्यला' म्हणजे मरणपंथाला लागला, हे मी त्यांना घरी सांगितलं. त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "आम्ही करतो आहोत आणि तुम्ही करून राह्यले," म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यात केवढा निवांतपणा आहे गं!" बुढा आणखी बरीच वर्षं जगला. दर उन्हाळ्यात नातीच्या हाती बाईंना चारोळी पाठवायचा.

राजम्मा तेलुगू. एकदा तिच्या टोपलीतली भाजी शेळीनं फस्त केली. "तिनेसिंदि! मेका तिनेसिंदि!" ती ओरडत होती. शेळी हाकलायला मी धावले आणि बाई राजम्माला विचारत बसल्या, यातलं शेवटचं 'एसिंदि', म्हणजे मूळचं 'वेसिंदि', एकटं आलं तर त्याचा अर्थ काय? राजम्मानं वैतागून हातातली काडी लांब फेकली. "हे! टाकलं!"

"म्हणजे खाऊन टाकलं!" बाईंना लॉटरी लागल्यासारखं झालं. "अगं, तुमची भाषा वेगळ्या घरची, आमची वेगळ्या घरची, आणि टाकता मात्र तुम्ही आमच्यासारखंच!" भाजीचे पैसे त्यांनी दिले, ते राजम्मानं घेतले नाहीत. त्या दिवसापासून दोघींचं मैत्र जुळलं. राजम्मा बाईंना तेलुगू शिकवायची, बाई तिला बाराखडी.

बाईंबद्दल गावात एकच कुजबुज होती. विहिरीवर एकदा पाटलीणबाई मला म्हणाल्या, तेही त्यांच्यादेखत, "ह्याईले नवऱ्यानं टाकून देल्ली म्हंतेत, खरं काय?"

बाईंनी डोळे मिटून ऐकलं, मग उघडले. "टाकून दिली नाही, पाटलीणबाई. मी सोडून आले." आणि घागर उचलून चालू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. त्यांना मास्तरीण व्हायचं होतं, नवऱ्याला ते नको होतं. परीक्षेच्या दिवशी त्यानं खोलीला बाहेरून कडी घातली. सासू ओसरीवर बसून होती. बाईंनी आतून हाका मारल्या, पण सासू उठली नाही. संध्याकाळी कडी निघाली. बाईंनी पदर सारखा केला आणि भावाचं घर गाठलं. परीक्षा पुढच्या वर्षी दिली.

मग एका चैत्रात नवराच आला. उंच, थकलेला माणूस, धुळीनं माखलेला. पाटलीणबाई, शेजारपाजारचे सगळे आमच्या ओट्यापाशी जमले. तो म्हणाला, "आई अंथरुणाला खिळली आहे. तुझं नाव घेते. झालं गेलं विसरून जा. मी तुला घेऊन जायला आलोय."

बाईंचे डोळे मिटलेलेच होते. चूल एकटीनं पेटवावी लागेल, एवढंच तेव्हा मला सुचलं.

"सासूबाईंसाठी येऊन जाईन," त्या म्हणाल्या. "येऊन राहणार नाही."

"ते पुढचं पुढे बघू," तो म्हणाला.

छकडा निघाला तेव्हा पाटलीणबाई मला म्हणाल्या, "आता कायची येते वापस! बाईची जात, एकदा घरी गेली की गेली." मलाही तसंच वाटत होतं.

शाळा उघडली. पाऊस लागला, नाले भरले. बाईंच्या वर्गावर मीच जात होते. नवी बाई येणार अशी बोलवा झाली. आणि एका दुपारी, पाऊस जरा उघडला असताना, चिखलानं लडबडलेला एक छकडा फाटकाशी थांबला. आधी बाई उतरल्या. मग त्यांनी हात दिला आणि खाली उतरली एक वाळकीशी म्हातारी, काखेत गाठोडं घेतलेली.

राजम्मा टोपली टाकून धावली. "वच्चेसिनवा अम्मा?"

"वच्चेसिना," बाई म्हणाल्या.

"काय म्हणते गं ती?" म्हातारीनं विचारलं.

"मी येऊन टाकलं का, असं विचारते."

"असं कुठं म्हणतात होय?"

"इथं म्हणतात, सासूबाई. आलं म्हणजे आलं, आता माघार नाही."

तिकडे गावी म्हातारी सुनेच्या हातचं खाऊन उठून बसायला लागली होती. बाईंचा निघायचा दिवस आला तेव्हा बघतात तर सासू गाठोडं बांधून दारात उभी. मुलगा ओरडला, आडवा झाला. ती त्याच्या बाजूनं पुढे आली. सुनेला म्हणाली, "त्या दिवशी कडी काढायला उठले नाही. आज उठले आहे. मला ने." हे बाईंनी मला कधीच सांगितलं नसतं. म्हातारीनंच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता.

आमच्या घरात मग आम्ही तिघी झालो. म्हातारी हळूहळू 'मले', 'तुले' बोलू लागली. बाई वर्गातून थकून आल्या की तिनं भात टाकलेला असे.

त्यानंतर वर्षभरात माझे वडील मूलहून आले. वरोऱ्याचं स्थळ होतं. "पोरगा चांगला हाये. आता लगन करून टाक, म्हंजे मी मोकळा," ते म्हणाले. ते गेल्यावर मी बाईंकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "लग्न करावंसं वाटलं तर कर. करून टाकू नकोस."

मी वडिलांना सांगितलं, मुलाशी मी आधी बोलणार. तसं आमच्याकडे कोणी करत नसे. बोलले, आणि मीच नाही म्हणाले. वडील कितीतरी महिने माझ्याशी अबोला धरून होते. पुढे मूलला बदली झाली, तिथे एका शिक्षकाशी ओळख झाली आणि लग्न केलं. नोकरी सुटली नाही. त्या एका वाक्याचं मी किती देणं लागते, हे बाईंना सांगायचं राहून गेलं.

बाई गेल्या त्या ऐन पावसाळ्यात, तापानं. रस्ते बंद होते. मला कळलं तेव्हा धान कापणीला आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत अहेरीला गेले. म्हातारी अजून त्याच घरात होती, अगदी वाकलेली. राजम्मा दोन्ही वेळचं जेवण आणून देत होती, मुली पाणी भरत होत्या. मी पायाशी बसले. माझा चेहरा तिनं चाचपून पाहिला.

"मुलगा न्यायला आला होता," ती म्हणाली. "नाही गेले."

"आजी, पण आता इथं तुमचं कोण आहे?"

प्राणहिता नदीच्या काठाकडे तिनं हात केला. बाईंना तिथेच दिला होता अग्नी.

"असं काय विचारतेस?" ती म्हणाली. "सून आहे की माझी."