डावा कोपरा

“येऊ दे. वापस जाच्या वक्ताले पाहू.”

समोरून कितीही दांडगा गडी चढाईला आला तरी तो एवढंच म्हणायचा आणि डाव्या कोपऱ्यात गुडघे वाकवून, मान खाली घालून उभा राहायचा. गिरणीतही तेच. जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, शिव्या देत आत शिरला की हा साच्यामागून, म्हणजे मागाच्या आडून, पुटपुटायचा, “येऊ दे. वापस जाच्या वक्ताले पाहू.” जॉबर परत जाताना मात्र त्यानं कधी काही पाहिलं नाही. परत जाणाऱ्याचा पाय धरायचा तो फक्त मैदानात.

तुम्ही कबड्डी पाहिली असेल तर कोपऱ्यावरच्या गड्याची गत तुम्हाला ठाऊक असेल. टाळ्या चढाई करणाऱ्याला. कोपऱ्यानं नुसते पाय बघायचे. चढाईवाला परत फिरला की त्याच्या घोट्यावर झेप घ्यायची आणि पाय धरून ठेवायचा. त्याच्या शेजारचा गडी त्याचा हात धरून असतो. कोपरा झेपावला की शेजाऱ्यानं हात न सोडता त्याच्यासोबत आत जायचं आणि गड्याला अडवायचं. याला साखळी म्हणतात. तो शेजारी मी होतो. तीन वर्षं त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात होता.

तो अमरावतीचा, राजापेठेपलीकडच्या वस्तीतला. मी चांदूर बाजारचा, घरची काळी जमीन असलेला. साठ सालाच्या आगेमागे अकोल्याच्या एका गिरणीनं आम्हा दोघांना खेळाडू म्हणून घेतलं. हजेरीपटावर आम्ही बदली कामगार, म्हणजे कोणी आलं नाही तर त्याच्या साच्यावर उभे राहणारे. बाकी वेळ मैदान. गिरणीत त्याला सगळे ‘कोपरा’च म्हणत. पगाराच्या खिडकीवरचा कारकूनसुद्धा.

पाय बघायची त्याला इतकी सवय झाली होती की माणसं तो पायांवरूनच ओळखायचा. एकदा मुलगी पाहायला गेला. परत आल्यावर आम्ही घोळका करून विचारलं, “कशी हाये पोरगी?”

“डाव्या पायावर जोर हाये तिचा. पयाली तं हाती लागाची नाई.”

“अबे, तोंड पाह्यलं का नाई?”

“ते राह्यलंच,” म्हणाला, आणि स्वतःच लाजला. पुढे लग्न तिच्याशीच झालं.

त्याच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन-चार वर्षं झाली होती. गिरणीत कोणी तोंडावर काही बोलत नसे. तो मात्र मैदानाबाहेर मला ‘भाऊ, तुमी’ म्हणायचा आणि रेषेच्या आत पाऊल टाकलं की ‘तू’. मी एकदा त्याला छेडलं, तर म्हणाला, “थ्या आत ‘तुमी’ म्हणाले टाइम कोठी हाये भाऊ?” मला त्याचं हसू आलं होतं. मैदानाबाहेरही तू म्हण, असं काही मी म्हणालो नाही.

त्या मोसमात गिरणीच्या लेबर ऑफिसरनं दोघांनाही सांगितलं होतं की यंदा नीट खेळलात तर मोसम संपल्यावर कायम करतो. त्याला ती नोकरी माझ्यापेक्षा जास्त हवी होती. त्याची आई तेव्हा सडकेवर गिट्टी फोडायची. “कायम झालो का दुसऱ्या दिवशी तिची हातोडी इहिरीत टाकतो,” असं तो जेवताना, चालताना, केव्हाही म्हणायचा.

आणि मग चांदूर बाजारचे सामने आले. माझं गाव. पुढच्या खुर्च्यांवर माझे वडील, काका, सगळी भावकी. उत्तरार्धात आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. समोरून त्यांचा सगळ्यात वजनदार गडी आला. कोपरा वाकला. मी त्याचा हात धरला. तेवढ्यात खुर्च्यांमागून माझा मामेभाऊ हसत ओरडला, “काय बे, कोणाचा हात धरून राह्यला?”

दोन-चार जण हसले. गडी परत फिरला, कोपऱ्यानं झेप घेतली, आणि मी हात सोडला.

तो एकटाच आत गेला. त्यानं घोटा धरलाही होता. पण अडवायला कोणी नव्हतं, म्हणून तो गडी सगळ्या वजनानिशी वळला आणि कोपऱ्याच्या गुडघ्यावर पडला. आवाज मला ऐकू आला.

आमचा कप्तान धावत आला. “साखळी कशी तुटली?” त्यानं विचारलं. मी काही बोलायच्या आत जमिनीवरून उत्तर आलं, “मीच लवकर गेलो. चुकी माई हाये.”

घरी जाताना वडील म्हणाले, “पोरगा जिगरबाज हाये. तू त्याचा हात काहून सोडला?”

ज्यांच्यासमोर लाज वाटली म्हणून मी हात सोडला, तेच मला हे विचारत होते. “घामानं सुटला,” मी म्हणालो.

मोसम संपला. मी कायम झालो. त्याचं नाव बदलीच्या यादीतूनही गेलं, कारण वाकता न येणाऱ्या कोपऱ्याचं गिरणीला काय काम? तो अमरावतीला परत गेला. त्याच नोकरीवर माझं लग्न झालं, घर झालं. मी त्याला एक पत्र टाकलं नाही.

पाच वर्षांनी कामानिमित्त अमरावतीला गेलो तेव्हा विचारत विचारत त्याचं घर गाठलं. दारातच सायकलचं पंक्चर काढत बसला होता, एक पाय सरळ लांब करून. माझ्या चपला बघूनच म्हणाला, “भाऊ, तुमी?” आई अजून गिट्टीवर जाते, असं त्यानं आपण होऊन सांगितलं. मी सुरुवात केली, “त्या दिवशी हात सुटला...”

“सुटला नाई. तू सोडला,” तो शांतपणे म्हणाला. “सुटलेला हात येगळा लागते, सोडलेला येगळा. बोटायले समजते ना.”

“मग तेव्हा बोलला काहून नाही?”

“तुया बाप बसला होता समोर. बापासमोर पोराची इज्जत काढाची का?”

एवढं बोलून तो पुन्हा ट्यूबमधली हवा बघायला लागला. माफी मागायची हीच वेळ होती. ती मी घालवली.

त्यानंतर आमची भेट नाही. दोन वर्षांनी तो काविळीनं गेल्याचं कळलं, तेही महिन्याभरानं.

त्या भेटीच्या दिवशीचं अजून एक सांगायला हवं. मी उठलो तेव्हा आत स्टोव्ह पेटला होता. त्याची बायको कपबशा विसळत होती. दाराला धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, “चहा तं घेऊन जा.” मी घड्याळाकडे बघून म्हणालो की बस चुकेल. त्यानं आत तोंड करून बायकोला सांगितलं, “राहू दे, बंद कर.”

बसला अजून पाऊण तास होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी दोन कप चहा प्यालो.