रडूबाईची रजा

आमच्या स्टुडिओत परदेशी मालिकांना आपल्या भाषेत बोलतं करतात. कुठल्याही देशातली सोशिक सून, टाकलेली बायको, त्यागमूर्ती थोरली बहीण आली की आवाज माझ्या या मैत्रिणीचाच. म्हणून हिचं नाव रडूबाई. आणि तिच्यावर डाव टाकणारी, नवऱ्याचे कान फुंकणारी जी कोणी असेल, ती मी. मला सगळे काडीवाली म्हणतात. इतकी वर्षं मी हिचे संसार मोडतेय आणि डबा मात्र आम्ही एकाच बाकावर बसून खातो.

काम म्हणजे काय, तर जाड पडदे ठोकलेली बंद खोली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा लागलेल्या, समोर पडद्यावर कोणीतरी बाई ओठ हलवतेय, आणि काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणतोय, "बाई, हुंदका वाढवा!" की ही वाढवणार. एकदा न राहवून म्हणाली, "हिने नवऱ्याला सरळ विचारावं ना, कुठे होतास म्हणून." दिग्दर्शक म्हणाला, "विचारलं तर मालिका संपेल." अहो, मग संपू दे की एकदाची! पण आमचं ऐकतो कोण?

यंदा तिच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, पण ऑपरेशन करायचं आणि मग महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही, नाहीतर आवाज जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. स्टुडिओने रजा दिली. अडचण घरात होती. आई अंथरुणाला खिळलेली, त्यात कानाने अधू. तिला औषध घे म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडायला लागतं. तिला महिनाभर धाकट्या भावाकडे पाठवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने भावाला फोन लावला. बोलायला लागली आणि सूर रडवेला झाला. खराखुरा. जन्मभर याच सुरात मागत आलेली बाई, दुसऱ्या सुरात मागणार कशी? "मला आता होत नाही रे," एवढंच म्हणाली आणि हमसाहमशी रडायला लागली.

तिकडून हसण्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "वा ताई! कालच्या भागापेक्षा भारी. थांब हं, हिला पण ऐकव." आणि पठ्ठ्याने बायकोला हाक मारली.

रडूबाईने फोन ठेवला. डब्याचं झाकण तसंच लावून टाकलं.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला परत फोन लावला आणि ऑपरेशन, डॉक्टर, आई, सगळं नीट समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, शपथ! तो म्हणाला, "तुम्ही त्या मालिकेतल्या कान फुंकणाऱ्या बाई ना? तरीच. आमची ताई आईवर जीव टाकते. तिच्या मनात नसतं काही भरवू नका."

घ्या! ती रडली तर नाटक, आणि मी खरं बोलले तर कारस्थान.

रडूबाईने माझ्या हातातून फोन घेतला. डोळे पुसलेले होते. "ऐक," ती म्हणाली. "रविवारी गाडी घेऊन ये आणि आईला ने. महिनाभर तू सांभाळायचंस. माझं ऑपरेशन आहे."

मग तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

"तुझी बहीण," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी तो आला. मी मदतीला गेलेच होते. आईला आम्ही उचलून गाडीत बसवलं. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, उशी कशी ठेवायची, हे रडूबाईने त्याला सांगितलं. हुंदका नाही, विनवणी नाही. तो तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत होता.

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "ताई अशी नव्हती हो कधी. तुम्हीच पढवलंत ना तिला?"

नाही म्हणणार होते. जीभ अगदी वळवळत होती. मग गाडीत बसलेली म्हातारी दिसली. बहिणीने आपण होऊन मागितलं, हे याला महिनाभर डाचत राहिलं असतं आणि राग निघाला असता त्या माउलीवर.

"हो, मीच," मी म्हटलं.

त्याचा जीव भांड्यात पडला. "वाटलंच मला," तो म्हणाला, आणि बहिणीला प्रेमाने हात हलवून निघून गेला.