चार पौंडी दोरा

नदीवर मासे कमी आणि किस्सेच जास्त मिळतात. आमच्या क्लबच्या नियमाप्रमाणे मासा लागला की तो परत पाण्यात सोडावा लागतो. किश्शांना असा काही नियम नाही, ते घरी आणता येतात. त्यामुळे सहा वर्षांत माझ्या फ्रीजरमध्ये मासा एकही नाही, पण किस्से ढिगाने साठलेत. आता भेटलाच आहात, तर चार-पाच ऐकूनच जा!

आम्ही लीड्सचे चौघे. मी मूळचा नागपूरचा, एका बँकेच्या आयटीत. सचिन पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टर. शर्वरी मालवणची, हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. आणि आमच्यात वडीलधारे म्हणजे डॉक्टर सबनीस, रिटायर्ड सर्जन. इथे सर्जनला 'मिस्टर' म्हणायची पद्धत आहे, पण मराठी माणसाच्या तोंडून 'मिस्टर सबनीस' काही निघत नाही.

शनिवारी सकाळी एकाच गाडीतून वॉर्फ नदीवर जायचं, स्पिनिंग रॉडने ट्राउट मासा पकडायचा, सोडायचा, पोळी-भाजीचे डबे उघडायचे आणि अंधार पडायच्या आत घरी. अगदी सुखाचा मामला! भांडण काय ते एकाच गोष्टीवरून, रॉडच्या मुठीजवळच्या चकरीवर, म्हणजे रीलवर, दोरा कुठला भरायचा.

या वर्षी मात्र एक काळजी होती. मार्चअखेर सीझन उघडल्यापासून डॉक्टरांना एकही ट्राउट लागला नव्हता. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं, "सप्टेंबर संपेपर्यंत एक मासा लागला नाही, तर रॉड सचिनला देणार आणि घरी बसणार!" सबनीस काकू गेल्यापासून शनिवार हा त्यांचा घराबाहेर पडायचा एकमेव दिवस. त्यामुळे आम्ही कोणीच हसलो नाही.

*

डॉक्टरांचा पहिला दोरा मला अजून आठवतो. गावातल्या टॅकल शॉपचा, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचा, मालक कीथ, पक्का यॉर्कशरचा, बोलणं कमी आणि भुवयांचं काम जास्त. आम्ही आत शिरलो तशी डॉक्टरांनी कोणाला न विचारता कपाटातून वीस पौंडाचं रीळ उचललं.

दोऱ्यावरचा पौंड म्हणजे किती वजनाला तो तुटेल त्याचा आकडा. म्हणजे आकडा मोठा, दोरा जाड. पण डॉक्टरांचं आयुष्य गेलं टाके घालण्यात, आणि तिकडे सगळा उलटा कारभार. ऑपरेशनच्या बारीक दोऱ्यात आकडा जितका मोठा, तितका दोरा आणखी बारीक! एवढ्या मोठ्या आकड्याचा दोरा म्हणजे केसाहून बारीक असणार, असा त्यांचा हिशोब.

कीथने रीळ पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ट्राउट पकडायचाय, की गाडी टो करायचीय?"

मग त्यानेच सांगितलं, "नदीतल्या ट्राउटला चार पौंड. पाणी गढूळ असेल तर सहा. यापुढचं सगळं कंपन्यांचं बोलणं." दोऱ्याबद्दल इतकं कमी आणि इतकं खरं मी नंतर कुठेच ऐकलं नाही.

*

पण सचिनला एवढ्यावर समाधान कुठलं! त्याने साधा नायलॉन, फ्लुरोकार्बन आणि वेणीसारखा विणलेला 'ब्रेडेड' दोरा असे तिन्ही प्रकार आणले आणि एक्सेल शीट उघडली. वजन करायला काय घेतलं, तर आपला लगेज स्केल! इंडियाला जाताना बॅग तेवीस किलोंत बसते का ते बघायचा काटा. त्याला दोरा बांधायचा, दुसरं टोक बाथरूमच्या हँडलला, आणि तुटेपर्यंत ओढायचं. बायको आत अडकली होती, ते शीटमध्ये नोंदवलेलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. फ्लुरोकार्बन, चार पौंडी, सर्वोत्तम. पाण्यात जवळजवळ दिसत नाही, दगडाला घासून चटकन झिजत नाही. शनिवारी पहिल्याच तासात सचिनला दणदणीत ट्राउट लागला, रॉड वाकली, आणि फट्! मासा गेला, आमिषही गेलं. दोऱ्याच्या टोकाला गाठ होती तिथे नुसतं डुकराच्या शेपटासारखं वेटोळं उरलं होतं.

कीथला दाखवलं तर तो म्हणाला, "गाठ कोरडीच आवळलीस ना? आवळण्याआधी थुंकी लावायची, लॅड. नाहीतर घासून दोरा जळतो."

सचिनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. शर्वरी म्हणाली, "टेस्टिंगमध्ये पास, प्रॉडक्शनमध्ये फेल!"

*

माझीही फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकून ठेवतो. रीलवर नवा दोरा भरायचा होता. दोऱ्याचं रीळ लाटण्यात ओवलं, लाटण्याची दोन टोकं बायकोच्या, मृणालच्या हातात दिली आणि मी भराभर रील फिरवत सुटलो. आता आपल्याकडे कमी वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. मी तोच न्याय लावला आणि रील काठोकाठ भरलं.

नदीवर पहिलीच फेक केली आणि रीलवरून दोऱ्याचे वेढेच्या वेढे एकदम सुटून आले. दोन तास मी काठावर बसून गुंता सोडवत होतो. स्पिनिंग रीलला काठापाशी दोन-तीन मिलिमीटर जागा रिकामी ठेवायची असते, हे तेव्हा कळलं.

घरी येऊन सांगितलं तर मृणाल म्हणाली, "मी लाटणं धरून तेच म्हणत होते, बास करा! ती काय वरणाची वाटी आहे?"

*

शर्वरीचे बाबा मालवणला. उभा जन्म समुद्रावर गेलेला माणूस. एकदा तिने काठावरून व्हिडिओ कॉल लावला आणि मोठ्या कौतुकाने आपला चार पौंडी दोरा कॅमेऱ्यासमोर धरला. बाबांना तो दिसेचना. तिने दोऱ्यामागे तळहात धरून दाखवला, तेव्हा कुठे दिसला.

बाबा म्हणाले, "काय गो, ह्या दोऱ्यान काय गजरो गुंफतलंस?"

*

दोऱ्याचे तुकडे नदीवर टाकायचे नाहीत, पक्ष्यांच्या पायात अडकतात. ते घरी आणायचे. आणि घरी आणलेली वस्तू फेकून देणं हे आपल्या रक्तात नाही! माझ्याकडे जुन्या दोऱ्यांचा एक डबाच आहे. गेल्या दिवाळीत मी त्यातल्याच फ्लुरोकार्बनवर बॅटरीचा आकाशकंदील टांगला. दोरा दिसत नसल्याने कंदील अगदी हवेत तरंगत होता.

शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुमचा ड्रोन तीन दिवस तिथेच अडकलाय, लव्ह. मुलाला बोलावू का?"

*

तर आता डॉक्टरांचं.

सगळा सीझन ते आठ पौंडी जाड नायलॉनवर अडून बसले होते. ऑगस्टपासून पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे मोजावेत. ट्राउट त्यांच्या आमिषामागे यायचा, दोरा बघायचा आणि वळून जायचा. आम्ही म्हणायचो, "अहो डॉक्टर, चार पौंडी लावा ना!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "माशाला दोरा दिसतो ही तुमची अंधश्रद्धा आहे!"

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी डबा आणायला गाडीकडे परत गेलो. डॉक्टर डिकीपाशी पाठमोरे उभे होते, हातात चार पौंडी दोरा. तो धातूच्या आमिषाच्या बारीक कडीत ओवायचा प्रयत्न चालला होता. बोटं थरथरत होती. एकदा, दोनदा, चारदा. मग त्यांनी तो दोरा गुंडाळून खिशात ठेवला आणि जाड दोऱ्याला गाठ मारली.

मला फार वाईट वाटलं. मी डबा न घेताच मागे फिरलो.

डॉक्टरांना घरी सोडल्यावर गाडीत मी दोघांना सांगितलं. सचिन म्हणाला, "अरे, मी जूनमध्येच म्हटलं होतं, मी बांधून देतो. काय उखडले माझ्यावर! म्हणाले, जन्मभर लोकांची पोटं शिवलीत, माझी गाठ मीच बांधणार!" शर्वरी खिडकीबाहेर बघत राहिली. तिने अकरा वर्षं त्यांच्याच थिएटरमध्ये काम केलेलं.

सीझनचा शेवटचा शनिवार आला. शर्वरीने काठावरच्या सपाट दगडावर स्वच्छ हिरवं कापड अंथरलं. त्यावर ओळीने मांडणी केली. आधी कात्री, मग चार पौंडी दोरा भरलेलं डॉक्टरांच्या रीलचं जादा स्पूल, आणि शेजारी लहान-मोठी सहा आमिषं. डॉक्टर बघतच राहिले.

"हे काय?"

"सर, अकरा वर्षं मी तुमच्या शेजारी उभी होते. दोरा लावलेली सुई तुम्ही एकदा तरी स्वतः उचललीत?"

डॉक्टरांनी कापडावरच्या कात्रीकडे पाहिलं.

"नाही ना? ते माझं काम होतं. तुम्ही पेशंटकडे बघायचं." तिने नदीकडे बोट दाखवलं. "पेशंट तिकडे आहे."

सचिनने माझा दंड घट्ट धरला. डॉक्टर आता चिडून गाडीत जाऊन बसणार, अशी माझी खात्री होती. ते पाण्याकडे वळले. मग शर्वरीकडे मान न वळवता त्यांनी ऑपरेशनमध्ये हत्यार मागतात तसा उजवा तळहात पुढे केला. तिने स्पूल बदललं, गाठ बांधली, थुंकी लावून आवळली आणि रॉड त्या तळहातावर अशी ठेवली की चट् असा आवाज आला.

पाचव्या फेकीला पलीकडच्या झाडाखाली पाणी उसळलं.

फार मोठा नव्हता हो, वीतभरच होता. डॉक्टरांनी हात ओला केला, मासा पाण्यातच धरला, शर्वरीने गळ सोडवला. मासा क्षणभर त्यांच्या बोटांत थांबला आणि निघून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सचिन उगाचच नाक शिंकरत होता.

दोरा दगडाला घासला होता. शर्वरीने तेवढा तुकडा कापला आणि पुन्हा गाठ बांधायला घेतली. वातावरण जरा हलकं करावं म्हणून सचिन म्हणाला, "काय डॉक्टर, मग रॉड कधी देताय मला?"

डॉक्टरांनी नदीवरची नजर काढली नाही. तळहात तेवढा शर्वरीकडे पुढे केला.

"नेक्स्ट!"