तेरा जण आणि एक पाणवठा

किस्से जमवायला कोणी मुद्दाम बसत नाही; ड्रॉवरमधल्या सुट्ट्या बटणांसारखे ते आपोआप साठतात. माझ्याकडचे बरेचसे जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या एका चर्चच्या हॉलमधले आहेत. २००४च्या आसपास मी तिथल्या चित्रकलेच्या वर्गाला जायचे, खरं तर जर्मन सुधारावं म्हणून. जर्मन राहिलं जेमतेमच.

*

एकदा जून मावशी आल्या. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी, पक्क्या ख्रिश्चन, इथे लेकीकडे तीन महिन्यांसाठी. वर्ग चालवणाऱ्या हेल्गाने त्यांना चर्चसाठी येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र काढायला सांगितलं आणि कॅनव्हास उभा करायला झकास ईझल आणून ठेवलं. मावशींनी कॅनव्हास जमिनीवर पसरला, चपला काढल्या आणि मांडी ठोकली. मदतीला कोण बसणार? अख्ख्या वर्गात मांडी घालता येणारी मी एकटीच! तेवढ्या लायकीवर माझी नेमणूक झाली.

*

मला ठिपके द्यायचे होते. रांगोळीत हात मुरलेला. मी पंधरा ते आठ, अगदी सुतात ठिपके मांडले. मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

"हे सगळे पोलिसात आहेत का?"

मग ओल्या फडक्याने सगळे पुसून टाकले.

*

चित्रात मधोमध गोलात गोल, म्हणजे पाणवठा. भोवती घोड्याच्या नालाच्या आकाराच्या तेरा खुणा. मावशींच्या लोकांत ती बसलेल्या माणसाची खूण. वाळूत बसून उठल्यावर उमटते तशी. वर्गातल्या कोणाला काही केल्या उमगेना. मला न्यायला आलेल्या आमच्या ह्यांनी मात्र दारातूनच जर्मन थाटात सांगितलं, "आल्झो, हा टॉप व्ह्यू आहे." गाड्यांची ड्रॉइंगं करणारा माणूस! मावशी त्यांच्यावर एकदम खूश. मी तीन आठवडे मांडी घालून बसले होते, त्याचं कोणाला काही नाही.

*

चित्र लावायचं की नाही, हे चर्च कौन्सिलचे हेर वेबर, म्हणजे आपल्याकडचे वेबरसाहेब, ठरवणार होते. निवृत्त शिक्षक, शिस्तीचे. ते येणार त्या दिवशी मावशी तासभर आधीच येऊन बसल्या होत्या. लहानपणी मिशनच्या शाळेत ह्याच खुणा काढल्या म्हणून त्यांना छड्या बसल्या होत्या. त्या खुणा चर्चच्या भिंतीवर बघूनच त्यांना घरी परतायचं होतं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटत होतं आणि भीतीही.

हेर वेबरांनी उभ्याउभ्याच पाहिलं. तेराही सारखेच. ह्यात येशू कुठला ते कळल्याशिवाय चित्र लागणार नाही, म्हणाले. मी भाषांतर केलं. मावशींनी शेजारची जमीन थोपटली.

बूट काढून, आम्हा दोघींचा आधार घेत, गुडघ्यांची कुरकुर ऐकत हेर वेबर एकदाचे खाली बसले. मावशींनी ब्रश बुडवला आणि त्यांच्या समोरच्या मोकळ्या जागेत चौदावी खूण काढली.

"हा मी?"

"हो."

हेर वेबर वाकून बघत राहिले. "मग माझ्या शेजारी कोण बसलंय?"

मी भाषांतर केलं. मावशी ब्रश धुवायला लागल्या.

बऱ्याच वेळाने आम्ही हेर वेबरांना उठवायला हात पुढे केला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "हेल्गा, तोवर भिंतीत खिळा मारून घे."