दिवसाआडची गोळी

सोलापूरच्या रुग्णालयात इकोच्या खोलीत अंधार होता. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. स्क्रीनवर करड्या धुक्यात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं आणि मधल्या फटीतून तांबड्या-निळ्या रंगाची बारीक चिळकांडी उडत होती. "मायट्रल स्टेनोसिस," डॉक्टर म्हणाल्या. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जी झडप असते, ती अरुंद झाली होती. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला असणार, असं त्यांनी सांगितलं.

पलंगावर माझी थोरली बहीण होती. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय बावन्न. माकणीजवळच्या आमच्या गावात नळाचे वॉल सोडायचं काम भावजींकडे होतं. ते गेल्यावर आक्का करू लागली. आज वरची गल्ली, उद्या खालची. वॉलची चावी फिरवताना धाप लागू लागली, म्हणून आम्ही इथवर आलो होतो.

झडप म्हणजे व्हॉल्व्ह, असं डॉक्टर म्हणाल्या. 'वॉल' हा शब्द ऐकून आक्का निर्धास्त झाली. तिच्या ओळखीचा आजार निघाला.

ठोकेही अनियमित होते. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचून गाठ होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. महिन्यानंतर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करायची, असं ठरलं.

मी धाराशिवहून रोज फोन करायचो. गोळ्या चालू आहेत ना? ती 'व्हय' म्हणायची. ते खोटं नव्हतं.

महिन्यानं घशातून नळी घालून पुन्हा इको केली. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. वरच्या कप्प्यात एक गाठ भिंतीला धरून डुलत होती, पाण्याखालच्या शेवाळासारखी, सावकाश. फुगा नेताना ती सुटली असती, तर मेंदूकडे गेली असती. फुगा रद्द झाला.

गोळी रोज घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"दिवसाआड," आक्का म्हणाली. "आज डाव्या अंगाची पाळी, गोळी घ्यायची. उद्या उजव्या अंगाची, त्याला गोळी न्हाई. रोज दोन्हीकडं सोडलं तर टाकी पुरंल व्हय?"

डॉक्टर हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी केस पेपरची पाठ पुढ्यात घेतली आणि तिच्यावर पेनानं रक्ताची वाट रेखाटली. अंगभर फिरून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. तिथून फुप्फुसात जाऊन हवा घेतं. मग डाव्या बाजूला उतरतं, आणि या झडपेतून पुढं पुन्हा अंगभर. "आक्का, इथं पाळी नसते. सगळ्या गल्ल्यांना एकाच वेळी जातं आणि गेलेलं सगळं परत येतं. एका फेरीला साधारण एक मिनिट."

आक्का त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. बोट जिथून निघालं तिथंच परत आलं. तिनं पुन्हा फिरवलं. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं, ते फार लांबून आल्यासारखं वाटलं.

पुढचे आठवडे गोळी रोज गेली. दर आठवड्याला आयएनआर झाली. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते त्यात कळतं. गाठ विरघळेल असं कुणी ठामपणे सांगितलं नव्हतं. तिसऱ्या इकोत वरचा कप्पा मोकळा दिसला, काळाभोर आणि शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा नेऊन झडप रुंद केली.

घरात कुणाला ही गोळी असेल, तर 'चालू आहे ना' एवढंच विचारून थांबू नका. कशी घेता, ते विचारा. मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, म्हणून आक्का आहे.

घरी सोडताना डॉक्टरांनी आपला स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावला आणि तबकडी तिच्याच छातीवर ठेवली. आक्कानं डोळे मिटले. बराच वेळ ती ऐकत बसली.

"म्या न सोडताच चालू हाय की ह्ये," ती हळूच म्हणाली.