बर्फाच्या चित्राचा खिळा

आमच्या कुसगावच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक विलायती चित्र होतं. लोणावळ्याच्या ज्या बंगल्यात आई रोज दूध घालायची, तिथली मड्डम कायमची मायदेशी निघाली. सामानाची बांधाबांध चालली असताना आई त्या चित्रापुढं थबकलेली तिनं पाहिली असावी. तिनं ते भिंतीवरून काढलं आणि आईच्या हातात दिलं. त्या दिवशी आई चुंबळीवर चित्र ठेवून आणि रिकामी चरवी हातात धरून घरी आली.

चित्रात सगळं पांढरं होतं. वाट पांढरी, छप्पर पांढरं, एक वठल्यासारखं झाड, आणि पाठीवर मोळी घेऊन वाकून चाललेली एक बाई. लांब एका खिडकीत पिवळा उजेड.

वडील घाटातल्या रुळांवर गँगमन होते. त्यांचं बोलणं मोजकं. त्यांनी खिळा ठोकला, चित्र टांगलं आणि मला विचारलं, "हे पांढरं काय म्हनायचं?"

मी नुकताच पुण्याला कॉलेजात जाऊ लागलो होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला मीच, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येत. "बर्फ," मी सांगितलं.

आई हसली. "बरफ? मग भुसा कुटंय?"

आमच्या ओळखीचा बर्फ लोणावळा स्टेशनवरचा. साहेब लोकांच्या पेयांसाठी त्याच्या लाद्या गाडीतून उतरत, त्या गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या. भुशावाचून बर्फ गावात कुणीच पाहिला नव्हता, खरं तर मीही नव्हता. तरी मी ऐटीत म्हणालो, "तिकडं तो आभाळातून पडतो."

"लाद्या? मग मानसं जगत्यात कशी?"

मी चिडून पुस्तकातलं सांगू लागलो. आई तोवर चित्राजवळ गेली होती. झाडाच्या बुंध्याशी तपकिरी रंगाचे दोन फटकारे होते, त्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, "ह्यो बघ भुसा. हाय की!"

मग रोज दुपारी कामं उरकली की ती थोडा वेळ चित्रासमोर बसे. कधी मला विचारी, "उजेडापत्तुर पोचंल न्हवं रं ही?"

शेजारच्या घरात थोरले चुलते राहत. त्यांना सगळे आबा म्हणत, आणि दोन्ही घरांची वडीलकी त्यांच्याकडे होती. चित्र त्यांना पहिल्या दिवसापासून खटकलं. वठलेलं झाड घरात लावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आई थोरल्या दिरासमोर पदर पुढं ओढून घेई आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे, तशी रीतच होती. तेही तिच्याशी थेट बोलत नसत. दोघं एका खोलीत असली तरी निरोप माझ्यामार्फत चालत.

"तुझ्या आयला सांग, हितं देवाचा फोटू लाव म्हनावं."

"त्यांना म्हनावं, देव देव्हाऱ्यात हायती. त्यांना जागा पुरती तितं."

"तिला सांग, पाडव्याच्या आत हे खाली उतरलं पायजे."

आई पदरानं चित्रावरची धूळ पुसू लागली.

पाडवा चार दिवसांवर होता. मी परीक्षेच्या अभ्यासाला घरी आलो होतो, वडील कामावर गेले होते. भरदुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं आणि गारा सुरू झाल्या. कौलं अशी वाजत होती की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. थोड्याच वेळात अंगण पांढरं झालं, गोठ्याचं छप्पर पांढरं झालं, शेताकडची वाटही पांढरी झाली. चैत्राच्या तोंडावर अंगात कापरं भरलं. मी दार लोटायला उठलो.

"उघडं राहू दे," आई म्हणाली.

गारा थांबल्यावर तिनं परातभर गारा गोळा केल्या आणि परात चित्राशेजारी धरली. एकदा परातीत बघे, एकदा चित्रात. "आपला बरफ टनक हाय. तिच्याकडचा मऊ दिसतोय. बघ, पाय रुतलाय तिचा."

ते चित्र मी कितीदा पाहिलं होतं. रुतलेला पाय मला दिसला नव्हता. आम्ही एकाच घोंगडीत बसून गुळाचा चहा प्यालो. दारात पांढरं, भिंतीवर पांढरं. तितकी निवांत आई मी त्याआधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आबा आले. त्यांच्या आंब्याच्या कोवळ्या कैऱ्या झडून गेल्या होत्या. मूठभर कैऱ्या त्यांनी आमच्या पुढ्यात टाकल्या.

"सांग तुझ्या आयला. घरात बरफ टांगला, आता दारात आला! तू शिकलेला हायेस, तूच सांग तिला. न्हाईतर मी उतरवतो."

मी शिकलेला होतो. उत्तरही मला येत होतं. पण त्यांच्यासमोर मान वर करायची सवय नव्हती. मी परातीकडं बघत बसलो.

आबांनी चित्राकडं हात नेला, तशी आई मध्ये उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पुढं ओढलेला नव्हता.

"आबा, गारा साऱ्या गावावर पडल्या. चित्र येकट्या माझ्या घरात हाय."

आबा क्षणभर गोंधळले. सवयीनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनली ती?"

"तुमाला ऐकू आलंय," आईच म्हणाली. "पोराला मधी घेऊ नका. जल्मात नुसतं बघायसाठी म्हनून येवढं येकच आनलंय मी. त्याला हात लावू नका."

आबांचा हात खाली आला. "तोंड फुटलं रं हिला!" ते मला म्हणाले.

"व्हय. लय उशिरा फुटलं," आई म्हणाली.

पाडव्याला आबा आमच्याकडे आले नाहीत. पुढं येऊ लागले तेही ओसरीवरच बसत, माजघरात पाऊल टाकत नसत. गावानं आईला 'बरफवाली' करून टाकलं. ती दूध घालायला निघाली की बायका विचारत, "का गं बरफवाले, आज पडायचाय का?"

"तुमी आदी वाळवन उचला, मंग सांगते," असं म्हणत ती चालत राही.

मी बी.ए. झालो तो आई आणि वडील या दोघांच्या कष्टांवर. ते ऋण मी विसरलेलो नाही आणि परातीकडं बघत बसलेला मीही मला विसरता आलेला नाही. पदवीचा कागद मी काचेत बसवून आणला, तेव्हा आबा ओसरीवर होते. त्यांनी फ्रेम उपरण्यानं पुसली. डोळे भरून आले होते त्यांचे. मग मला म्हणाले, "तुझ्या आयला सांग, आता तरी ते काढ म्हनावं. त्या खिळ्यावर हे लाव."

मी आत गेलो. आई चित्रासमोर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तिचा पाय अजून रुतलाय. तिला कुटं घालवतूस?" ती म्हणाली. "भिंत काय येवढीच हाय? दुसरा खिळा ठोक."

मी फळीवरची हातोडी घेतली. बाहेर आबा निरोपाची वाट बघत होते. या वेळी मी आईचा निरोप नेला नाही. आतूनच मोठ्यानं म्हणालो, "आबा, ते चित्र तिथंच राहणार आहे. पदवी मी त्याच्या खाली लावतोय."

आणि खिळा ठोकायला घेतला.