नावं ठेवणारी शेजारीण

मराठवाड्यात नावं ठेवणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. पण लातूरच्या माझ्या शेजारणीइतक्या निष्ठेनं नावं ठेवणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. तिचा धंदाच तो होता. बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात दाराशी बसून ती छिन्नी-हातोडीनं भांड्यांवर नावं टाकायची. लग्नाचा हंडा, बारशाची वाटी, मामानं भाचीला दिलेली कळशी, सगळं तिच्या हाताखालून जायचं, आणि नाव कोरून होईपर्यंत त्या नावाची सालं निघालेली असायची. "विजयमाला? विजया म्हणा न्हाईतर माला म्हणा. एकीलाच दोन कशाला? दुसऱ्या पोरीला उरंल की." मी शाळेत शिकवायची आणि तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायची. माझं नाव सुनंदा. ते ऐकून तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "बाई, तुमचं नाव म्हंजे सरकारी दवाखान्यातली पांढरी गोळी. गुण येतो, चव न्हाई." त्यानंतर कित्येक दिवस मला सही करताना औषध घेतल्यासारखं वाटायचं.

तिचं हे तोंड दुकानमालकाला परवडत कसं होतं, हे कोडंच होतं. एकदा एक बाप मुलीच्या लग्नाची भांडी घेऊन आला. चौथी मुलगी म्हणून तिचं नाव ठेवलं होतं नकुशा. त्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं, सगळ्या भांड्यांवर ठळक टाका. माझ्या शेजारणीनं छिन्नी खाली ठेवली. "पोरगी नको होती, मग भांडी कुणासाठी घ्यायलाव?" त्या बापानं बरंच ऐकवलं. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि हंड्यापासून चमच्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर 'राजश्री' कोरून टाकलं. मालक कपाळाला भस्माचे पट्टे ओढणारे, शांत लिंगायत गृहस्थ. त्यांनी बापाची क्षमा मागितली, एक पातेलं फुकट दिलं, आणि तो गेल्यावर हिला एवढंच म्हणाले, "अक्षर मात्र बरं आलंय."

सगळ्या गावाची नावं कोरणाऱ्या या बाईला स्वतःचं नाव मात्र नव्हतं. म्हणजे एक होतं, पण ते पुरुषाचं. देवणीकडच्या खेड्यात मुलगा म्हणून ती वाढली होती आणि बारशाला मिळालेलं ते नाव तिला जन्मभर टोचत आलं होतं. ते मी इथं सांगणार नाही. वर्षानुवर्षं ती दुकानात शर्ट-पँट घालून बसायची आणि खोलीवर आली की साडी नेसायची. लातूर उस्मानाबादेतून निघून स्वतंत्र जिल्हा झाला, त्या वर्षी कधीतरी एका सकाळी ती जांभळी साडी नेसून दुकानाची पायरी चढली. बाजारानं कामं सोडून पाहिलं. मालकांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि विचारलं, "कालच्या परातींचं काय झालं?" पुढचे आठ-दहा दिवस लोक नुसतं तिला बघायला येत, आणि रिकाम्या हातानं परत कसं जायचं म्हणून एखादी वाटी घेऊन जात. मालकांची साडीबद्दल तक्रार उरली नाही.

आता नाव हवं होतं, आणि इथं तिचं ते प्रसिद्ध तोंड तिच्यावरच उलटलं. जगातल्या प्रत्येक नावात खोट काढून ठेवल्यावर स्वतःसाठी उरणार काय? ती दर चार दिवसांनी एक नाव निवडायची आणि मला भिंतीपलीकडून हाक मारायला लावायची. मान तिरकी करून ऐकायची, खरेदीच्या वेळी बायका मडकं वाजवून बघतात तशी. मंदाकिनी नापास झालं: "हाक पुरी होईस्तोवर माणूस गल्लीच्या भाईर जातंय." उर्वशी दोन दिवस टिकलं: "नाव ऐकून लोक तोंडाकडं बघत्यात, अन् तोंड तर बापाचं हाय." शांता हे नाव तिनं एका सकाळी घेतलं, दुपारच्या आत दूधवाल्याशी, रद्दीवाल्याशी आणि माझ्याशी भांडण केलं, आणि नाव आपणहून परत केलं. सुमन सुचवलं म्हणून ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. "लातुरात तीन भांडी उचला, एक सुमनचं निघतंय. माझा हात दुखतो ते नाव टाकून टाकून."

त्यात दुष्काळ. विहिरी आटल्या आणि गल्लीत टँकर येऊ लागला. रांग बायकांची, आणि रांगेची मालकीण कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू. टँकरवाला एक वेळ तहसीलदाराला जुमानणार नाही, पण काकूंना जुमानायचा. माझी शेजारीण घागर घेऊन उभी राहिली तेव्हा काकूंनी ती घागर पायानं रांगेबाहेर सरकवली. "हितं बाया हायत. अन् ही कोण म्हणायची? सोमवारी मंदाकिनी, बुधवारी उर्वशी. पाणी कुणाच्या नावानं सोडायचं?"

बायका हसल्या. शेजारीण हसली नाही. "तुमचं माहेरचं नाव काय होतं, काकू?"

"कौसल्या."

"अन् आता?"

"प्रभावती."

"लग्नात नवऱ्यानं तांदळात बोट फिरवलं अन् कौसल्या गेली. हितल्या निम्म्याजणींचं तसंच झालंय. तुमचं पाणी कुणी तोडलं का?"

मला वाटलं, जिंकली. पण काकूही काही कच्च्या नव्हत्या. "आमचं दुसऱ्यानं बदललं," त्या सावकाश म्हणाल्या. "तू सोताच ठिवून घ्यायलीस, म्हणून ते टिकंना. नाव आत्यानं ठिवायचं असतंय. हाय का आत्या?"

त्या दिवशी तिला पाणी मिळालं नाही. माझ्या घागरीतलं अर्धं तिला दिलं, तर म्हणाली, गढूळ आहे.

आत्या होती, नांदेडला. आधीचं नाव तिनंच ठेवलं होतं. विधवा, मूलबाळ नाही, आणि भाच्याची तिला सगळी बातमी असून तिनं कधी निरोप पाठवला नव्हता. मला बहिणीकडे नांदेडला जायचंच होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो. एसटीत ही बाई गप्प होती. वाटेतल्या एकाही गावाच्या पाटीला तिनं नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मला काळजी वाटू लागली.

आत्यानं दार उघडलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "निऱ्या उलट्या घातल्यात." मग खाटेवर जाऊन बसली. येण्याचं कारण ऐकल्यावर तिनं मान हलवली. "बारसं एकदाच होतंय. म्या नाव ठिवलं, लोक घुगऱ्या खाऊन घरी गेले. आता पुन्हा न्हाई."

माझी शेजारीण एखादं सणसणीत उत्तर देईल म्हणून मी वाट पाहत होते. अख्खा जिल्हा बदलला तर मी का नाही, हे वाक्य तिनं घरून निघताना घोटून ठेवलं होतं. ते तिनं काढलंच नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "आत्या, त्या नावानं कुणी हाक मारली की म्या मागं वळून बघते. मागं कुणी दुसरंच हाय का म्हणून."

आत्या उठली, चूळ भरली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "बाई, पाठीत बुक्की मारायला कुणीतरी लागतंय. तुम्ही मारा. पर हळू, बरगडी दुखती." तिनं भाचीच्या कानाशी तोंड नेलं, तान्ह्या बाळाला करतात तसं कुर्रर्र केलं, आणि नाव सांगितलं. मी रीतीप्रमाणे पाठीत बुक्की घातली. शेजारणीचा चेहरा असा झाला, की नाव मला न सांगताच कळलं.

"सुमन?" ती म्हणाली. "आत्या, दुसरं न्हाई का?"

"न्हाई. माझ्या पोरीसाठी ठिवलं होतं. पोरगी झाली न्हाई. तवापसून कोरंच हाय. नीट वापर."

परतीच्या एसटीत तिची वाचा परत आली. लातूर येईपर्यंत ती कुरकुरत होती. इतकी नावं पडली होती जगात, त्यातलं हेच मिळावं? पण आपल्या नावाची कुरकुर सगळेच करतात. तिला ती संधी पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती तिनं सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीत घुगऱ्या वाटल्या. प्यायला पाणी नाही आणि हिनं हरभरे भिजवले, म्हणून बायकांनी आधी शिव्या घातल्या, मग वाट्या पुढे केल्या. काकूंनी पहिली मूठ तोंडात टाकली आणि मीठ कमी असल्याचं जाहीर केलं. टँकर आला तेव्हा त्या नेहमीच्याच करड्या आवाजात ओरडल्या, "ए सुमन, घागर पुढं घे की गं." गल्लीतल्या आणखी दोन सुमनही पुढे सरकल्या आणि रांगेत जे भांडण जुंपलं, त्यात सर्वांत मोठा आवाज माझ्या शेजारणीचा होता.

पुढे पाऊसपाणी झालं. आत्या थकली आणि सुमन दुकान सोडून नांदेडला तिच्या सेवेला गेली. बऱ्याच वर्षांनी मी भेटायला गेले, तेव्हा आत्याची स्मृती विसकटली होती. मला तिनं ओळखलं नाही, पण सुमनकडे बोट दाखवून कौतुकानं सांगू लागली, "ही माझी पोरगी. देवणीच्या बैलबाजारात हरवली होती ल्हानपणी. निळा परकर होता अंगावर. एका बैलाची येसण धरून हुबी होती, रडत न्हवती."

मला सोडायला सुमन रस्त्यापर्यंत आली. तिचे केस पांढरे झाले होते.

"हरवले होते ते खरं हाय," ती म्हणाली. "पर रडत होते. अन् परकर कुठला, चड्डी होती."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

तिनं पदर सारखा केला. "तिला दिसतंय तर दिसू द्या. निळा मला शोभला असता."